शोकांतिकेचा नायक आणि सहा लाखांची एक ओळ

पत्र थोडक्यात असं: सांगलीच्या मार्केट यार्डात वडिलांपासूनची हळदीची अडत चालवणारे हे वाचक ४७ वर्षांचे आहेत. वडील गेल्यावर दोघे भाऊ मिळून दुकान बघत होते. तीन वर्षांपूर्वी यांनी एका खरेदीदाराला धाकट्याला न विचारता सहा लाखांची उधारी सोडली आणि ती बुडाली. शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे त्यांच्या मालाच्या बिलांचे पैसे, घरातून भागवावे लागले. धाकट्यानं हमाल-तोलाईदारांसमोर जाब विचारला. यांनी तिथेच सुनावलं, "या गादीवर एक तर तू बसशील, नाहीतर मी." धाकटा उठला आणि चार गाळे सोडून त्यानं स्वतःची अडत टाकली. तेव्हापासून बोलणं बंद. आई सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे. आता धाकट्याच्या मुलीचं लग्न ठरलंय, मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतरचा.

हे गृहस्थ हौशी नट आहेत. यंदा त्यांची मंडळी 'एकच प्याला' बसवतायत आणि सुधाकर यांच्या वाट्याला आलाय. तालमीत दिग्दर्शक म्हणाले, "तुला अभिनय करायची गरजच नाही. तू सुधाकरच आहेस. मानी माणूस मानापायीच मरतो." ते वाक्य यांना लागलं. मग त्यांनी शोकांतिकेच्या नायकाबद्दल, त्याच्या घातक दोषाबद्दल मिळेल ते वाचून काढलं. वडिलांनीही चुलत्यांशी असंच तोडलं होतं आणि ते न बोलताच गेले. पत्नी म्हणते, फोन करा. यांचं म्हणणं, "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. मी वाकलो तर मी उरणारच नाही. शेवट ठरलेलाच असेल तर तो मानानं तरी होऊ दे." विचारलंय एवढंच, की लग्नाला जावं का, आणि सुधाकरचं काम सोडावं का.

तुमचं चार पानी पत्र मी दोनदा वाचलं. एकदा सदर लिहिणारी म्हणून, एकदा प्रॉम्प्टर म्हणून. हौशी नाटकांच्या विंगेत पुस्तक घेऊन उभं राहण्यात माझी पंचवीसेक वर्षं गेली. त्यामुळे नट काय बोलला यापेक्षा त्यानं कुठलं वाक्य खाल्लं, हे मला आधी ऐकू येतं. तुमच्या पत्रात 'अहंकार' अकरा वेळा आलाय, 'स्वभाव' नऊ वेळा, 'आमचं घराणं' चार वेळा. सहा लाख एकदाच. तेही असे: "त्या दरम्यान एक उधारी अंगावर आली होती." उधारी आपली आपण चालत येऊन अंगावर पडल्यासारखी. ती सोडली कुणी, कुणाला न विचारता सोडली, हे मला तिसऱ्या पानावर शोधून काढावं लागलं.

रागावू नका. पण माझं बरंचसं उत्तर त्या खाल्लेल्या वाक्यात आहे.

तुम्ही वाचलेल्या लेखांत बहुधा असं असेल की शोकांतिकेचा नायक मोठा माणूस असतो, त्याच्यात एक घातक दोष असतो आणि तो दोष त्याला खाली ओढतो. मॅकबेथची महत्त्वाकांक्षा, ऑथेल्लोचा संशय, हॅम्लेटची चालढकल. परीक्षेत पाच मार्कांना हे उत्तर चालतं. मीही मुलांकडून हेच पाठ करून घेतलंय, त्याबद्दल आता थोडी लाज वाटते. कारण हा विचार ज्याच्या नावावर खपवला जातो त्या ॲरिस्टॉटलनं 'पोएटिक्स'च्या तेराव्या प्रकरणात वापरलेला शब्द आहे 'हॅमार्टिया', आणि त्याचा मूळ अर्थ नेम चुकणे. बाण सोडला, भाला फेकला, लक्ष्यावर बसला नाही. पुढे ख्रिस्ती धर्मग्रंथांत तोच ग्रीक शब्द पापासाठी आला आणि मग हळूहळू त्याला स्वभावदोषाचा रंग चढला. ॲरिस्टॉटलचं म्हणणं त्या मानानं साधं आहे. फार पुण्यवान नाही आणि दुष्टही नाही, असा माणूस दुर्गुणामुळे नव्हे तर एखाद्या हॅमार्टियामुळे सुखातून दुःखात पडतो.

त्याचं आवडतं उदाहरण ईडिपस. तिठ्यावर एका अनोळखी म्हाताऱ्याशी वाटेवरून भांडण होतं, तो त्याला मारतो, आणि तो म्हातारा निघतो त्याचा बाप. ईडिपस तापट होता, खरंय. पण तापट माणसं गल्लोगल्ली असतात. त्याचा घात झाला तो समोर कोण आहे हे न कळल्यामुळे. उलट नाटकभर तो करतो ते काम मला तर धाडसाचं वाटतं. राणी विनवते, आता पुरे, पुढे विचारू नकोस. तो विचारत राहतो.

चूक आणि दोष हा शब्दांचा खेळ वाटेल तुम्हाला. माझ्या लेखी तुमचं सगळं पत्र त्या दोघांच्या मधल्या फटीत अडकलंय. चुकीला तारीख असते, रक्कम असते, समोर एक माणूस असतो. दोषाला यातलं काही नसतं. "मी त्या खरेदीदाराला तुला न विचारता उधार दिलं" हे वाक्य भावासमोर उभं राहून बोलायचं म्हटलं तर घशाला कोरड पडते. "माझ्यात अहंकार आहे" हे मात्र चहाच्या टपरीवरही बोलता येतं, ऐकणारा वर कौतुकानं मान हलवतो. दोष जेवढा मोठा करून सांगावा तेवढी चूक सांगायची वेळ लांबते. तुम्ही हे मुद्दाम करताय असं मी म्हणत नाही. पण तीन वर्षं त्या मोठ्या शब्दाच्या आडोशाला सहा लाखांची ओळ सुखात पडून आहे.

आता तुमच्या सुधाकरकडे येऊ, म्हणजे राम गणेश गडकऱ्यांच्या. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व मंडळींनी 'एकच प्याला' रंगमंचावर आणलं. गणपतराव बोडस सुधाकर आणि बालगंधर्व त्याची बायको सिंधू. तेव्हापासून सुधाकर म्हटलं की लोक दारू म्हणतात, जरा वाचलेले लोक अहंकार म्हणतात. विंगेतून मला दिसतो तो क्रम वेगळा आहे. बुद्धिमान वकील. कोर्टात तोंड सुटतं, सनद काही काळापुरती जाते. अपमान झोंबतो. बरोबर त्या वेळी शेजारी कोण असतं? प्याला पुढे करणारा तळीराम. त्या संध्याकाळी त्याचा भला मित्र रामलाल शेजारी असता तर नाटक झालं नसतं. मधे एकदा सुधाकर खरोखर दारू सोडतो, जुन्या ओळखीच्या प्रतिष्ठितांकडे काम मागायला जातो आणि झिडकारला जातो. मगच तो परत प्याल्याकडे वळतो. याला एकट्या सुधाकरचा स्वभाव म्हणायचं, तर त्या प्रतिष्ठितांच्या स्वभावाला काय म्हणायचं?

सांगलीच्या माणसाला हे सांगायला ग्रीस कशाला हवं म्हणा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. पाणी ओसरल्यावर आपण सगळे महिनोन् महिने भांडलो. कुणी अलमट्टीकडे बोट दाखवलं, कुणी कोयनेच्या विसर्गाकडे, कुणी चार दिवसांच्या पावसाकडे, कुणी पूररेषेतल्या बांधकामांकडे. पण एकानंही असं म्हटलं नाही की कृष्णेचा स्वभावच तसा. नदीच्या बाबतीत आपण इतके शहाणे असतो. माणसाच्या बाबतीत मात्र एका शब्दात निकाल लावतो, आणि तो माणूस स्वतः असलो तर आणखी घाईनं.

म्हणून आधी हे बघा की तुमच्या दुकानात तळीराम कोण आहे. दारूचा नव्हे, बातमीचा. संध्याकाळी सौदे आटोपल्यावर गादीच्या कडेला टेकून "आज तिकडे कोण गिऱ्हाईक गेलं माहितीय का" म्हणणारा कुणीतरी असणारच. यार्डात अशा माणसांना तोटा नाही. ऑथेल्लोचा संशय इयागोवाचून दोन अंकही चालला नसता. आपल्या हरिपूरच्या देवलांनी १८९० साली ऑथेल्लोला मराठीत आणून 'झुंजारराव' केला. माणसं, गावं सगळी इकडची झाली, पण कान भरणारा माणूस गाळून चालला नाही. तुमच्या त्या माणसाला हाकलून द्या म्हणत नाही मी. भावाचा विषय निघाला की वखारीकडे चक्कर मारून या, एवढं करून बघा. आठवड्यात बातम्या आटतात.

दिग्दर्शकांचं वाक्य, "मानी माणूस मानापायीच मरतो." ऐकायला झकास आहे. असली वाक्यं पडदा पडल्यावर प्रेक्षागृहातून बाहेर पडताना सुचतात, कारण तोवर सगळं घडून गेलेलं असतं. आत उभ्या असलेल्या माणसाला फक्त पुढची एन्ट्री दिसते. शिवाय ते खरंही नाही. आपल्या जुन्या नाट्यपरंपरेत मानाचा सगळ्यात मोठा पुतळा कोण? दुर्योधन. भासाच्या 'ऊरुभंगा'त तो मांड्या मोडून पडलेला आहे. संस्कृत नाटकात नायक रंगमंचावर मरायची पद्धत नाही, पण हा मरतो. मान हेच राजाचं शरीर, असं म्हणणारा हा माणूस. त्याचा लहान मुलगा दुर्जय रणांगणावर शोधत शोधत येतो आणि नेहमीसारखा मांडीवर बसू बघतो. बापाला सांगावं लागतं, तिथे नको. संपूर्ण नाटकात एवढं एकच मला पुन्हा पुन्हा वाचवत नाही. नंतर अश्वत्थामा सुडाची भाषा करत येतो तेव्हा त्याला आवरू बघणारा हाच दुर्योधन असतो. मान सोडून नाही, मानासकट. वाकलो तर मी उरणार नाही, असं तुम्ही लिहिलंय. मोडून पडलेला दुर्योधन वैर पुरे म्हणतो तेव्हा मला तरी तो कमी दुर्योधन वाटत नाही.

दुर्जयचं मी उगाच काढलं नाही. तुम्हीच दुसऱ्या पानावर लिहिलंय की ज्या पोरीचं आता लग्न आहे ती लहानपणी शाळा सुटली की दुकानात यायची, तुमच्या शेजारी गादीवर बसून कोऱ्या पट्ट्यांवर चित्रं काढायची, आणि हात पिवळे करून घरी गेली की आई ओरडायची. चार पानांत तेवढ्याच चार ओळी अशा आहेत जिथे तुम्ही स्वतःबद्दल बोलत नाही.

आणखी एक टोचणारी गोष्ट सांगते, मग कामाचं बोलू. हे नाटक तुमचं आहे असं तुम्ही धरून चाललाय. नायक तुम्ही, दोष तुमचा, शेवट तुमचा. भावाच्या नाटकात तुम्ही कोण आहात? ज्याच्यामुळे चाळिशीत नवं दुकान उभं करावं लागलं, तो. आईच्या नाटकात? दर सहा महिन्यांनी तिची पिशवी भरून दुसऱ्या घरी पोचवणारे दोघे मुलगे. 'एकच प्याला'ही सिंधूच्या बाजूनं बघितलं की शोकांतिका कुणाची, हा प्रश्न पडतो. नायक होण्यात एक सोय असते, बाकीच्यांचं दुःख आपल्या दुःखाच्या नेपथ्यात जमा होतं.

इथे थोडं थांबून बाकीच्या वाचकांशी बोलते, कारण "माझा स्वभावच असा" किंवा "यांचा स्वभावच असा" म्हणणारी पत्रं मला बरीच येतात. ज्या घरात स्वभाव म्हणजे मारहाण असेल, त्या घरातल्या बाईनं शोकांतिकेच्या चर्चेत एक मिनिटही घालवू नये. सिंधूनं सोसलं त्याचं आपण शंभर वर्षं कौतुक केलं, ते पुष्कळ झालं. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे, तातडीला ११२ आहे. दारू असेल तर तो आजार आहे, पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतंय आणि व्यसन सोडलेल्या माणसांचे गट अनेक गावांत बसतात. आई-वडिलांच्या भांडणाचा 'आमच्या घराण्याचा शाप' करून ठेवणाऱ्यांना एवढंच विचारते, तुमच्या वडिलांची चूक नेमकी काय होती ते माहितीय का? तुम्हालाही विचारते. वडिलांनी चुलत्यांशी तोडलं, हे तुम्ही लिहिलंय. कशावरून, हे लिहिलेलं नाही. आई आहे अजून. विचारा. बहुतेक वेळा शापाच्या तळाशी एखादी विहीर, एखादी सही किंवा लग्नातला आहेर निघतो.

आता तुमचे पर्याय. एक, काहीच न करणं आणि लग्नाला न जाणं. हे सोपं आहे आणि याला तुम्ही मान म्हणाल. दोन, पत्रिका येईपर्यंत थांबून अक्षता टाकायला जाणं, पाकीट देणं, जेवून येणं. लोक म्हणतील झालं मिटलं. मिटलेलं काही नसेल, फक्त फोटोत तुम्ही असाल. तिसरं तुमच्या सौ. म्हणतायत तसा फोन. मला फोनची भीती वाटते. तीन वर्षांनी पहिल्यांदा आवाज ऐकल्यावर दोघांपैकी एकजण भूतकाळातलं एक वाक्य काढतो, दुसरा त्याला उत्तर देतो, आणि चौथ्या मिनिटाला तुम्ही त्याच गादीवर असता.

चौथा पर्याय ॲरिस्टॉटलकडून घेऊ. त्याच पुस्तकाच्या चौदाव्या प्रकरणात तो एक गंमत करतो. तेराव्यात दुःखान्ताची बाजू घेतलेली असते आणि इथे म्हणतो की सगळ्यात उत्तम प्रसंग तो, जिथे हात उगारलेला असतो आणि ओळख वेळेवर पटते. एक उदाहरण देतो इफिजेनियाचं. परक्या देशात ती पुजारीण आहे, किनाऱ्याला लागणाऱ्या परदेशी माणसांचा तिथे बळी जातो. तिच्यासमोर उभे केलेल्या दोघांत तिचा सख्खा भाऊ आहे आणि दोघंही एकमेकांना ओळखत नाहीत. तिला घरी चिठ्ठी पाठवायचीय. चिठ्ठी वाटेत बुडाली तर निरोप तरी पोचावा म्हणून ती नेणाऱ्याला मजकूर मोठ्यानं सांगते. सांगता सांगता भावाचं नाव येतं. भाऊ तिथेच उभा असतो. युरिपिडीसचं हे नाटक, आणि यात कुणी मरत नाही. ग्रीक लोक यालाही शोकांतिकाच म्हणत. शेवट ठरलेला असतो हे तुमचं गृहीतक ज्यांच्याकडून आलं असं तुम्हाला वाटतं, त्यांनाच ते पुरतं मान्य नव्हतं.

तेव्हा चिठ्ठी लिहा. हातानं, साध्या कागदावर, एका बाजूला मावेल एवढीच. त्यात तारीख, त्या खरेदीदाराचं नाव, रक्कम, आणि "मी तुला न विचारता ही उधारी सोडली, पैसे गेले ते माझ्यामुळे" एवढं. मग "सगळ्यांसमोर तुला गादीवरून उठवलं, ते मी करायला नको होतं." स्वभाव, अहंकार, घराणं, नशीब हे चार शब्द कुठेही नकोत. "तूही चारचौघांत विचारायला नको होतंस" हे वाक्य तर लेखणीच्या टोकावर येईलच. ते खरंही असेल. ते त्याच्या चिठ्ठीतलं वाक्य आहे, तुमच्या नव्हे. लिहून झालं की इफिजेनियासारखं मोठ्यानं वाचा, सौ.समोर. कुठे आवाज बदलतो ते त्यांना कळेल. तेवढी जागा पुन्हा लिहा.

व्हॉट्सॲपवर पाठवू नका. आईच्या हाती तर मुळीच नको, त्या म्हातारीनं तीन वर्षं पुष्कळ निरोप वाहिले असतील. सकाळी सौदे सुरू व्हायच्या आधी चार गाळे चालत जा, त्याच्या हातात द्या आणि परत या. थांबू नका, चहा विचारला तरी पहिल्या दिवशी नको. आणि हे पत्रिका यायच्या आधी करा. नंतर केलंत तर ती पत्रिकेची परतफेड वाटेल.

सोबत पैशाचंही बोलायला लागेल. नुसत्या शब्दांवर यार्डातला माणूस किती विश्वास ठेवतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. दुकान वडिलांचं, म्हणजे बुडालेल्या सहा लाखांत त्याचाही वाटा होता. "तुझा अर्धा हिस्सा मी हप्त्यानं देणं लागतो" असं चिठ्ठीत एका ओळीत लिहिता आलं तर बघा, पण जमणार असेल तेवढाच आकडा लिहा. वाटणी अजून कागदावर आलेली नसेल तर दोघांना चालेल अशा सीए आणि वकिलांकडून करून घ्या. हे भांडण वाढवणं नाही. हिशेब टेबलावर असला की माणसं एकमेकांच्या स्वभावाबद्दल कमी बोलतात.

बोलणं सुरू होणं आणि दुकान पुन्हा एक होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नका. दोन गाळे दोनच राहू देत. त्यानं तीन वर्षांत स्वतःचं बस्तान बसवलंय, ते मोडून त्यानं परत धाकटं व्हावं अशी अपेक्षा मनाच्या कोपऱ्यात असेल तर चिठ्ठी लिहायच्या आधी ती काढून टाका.

पुतणीला केळवणाला बोलवायचा तुमच्या सौ.चा विचार मला फार आवडला. फक्त क्रम उलटा नको. आधी भावाला चिठ्ठी, मग पोरीला केळवण. नाहीतर त्या मुलीला तुम्ही पूल म्हणून वापराल, आणि लग्नाच्या तोंडावर तिच्या डोक्यावर आधीच पुष्कळ ओझं असतं.

तो उत्तर देणार नाही, असंही होईल. सुधाकर सुधारून दारात उभा राहिला तेव्हा दारं बंदच होती. मग तुम्ही काय करणार, हे आजच ठरवून ठेवा. माझा सल्ला असा, की चिठ्ठीनंतर पत्रिका आली तर सहकुटुंब जा, नाही आली तर आहेर आईबरोबर न पाठवता स्वतः आधी नेऊन द्या आणि दुखलं तरी गप्प राहा. आपण नेम परत धरायचा, समोरच्यानं टाळी वाजवली पाहिजे असं काही नाही. तुम्हाला तीन वर्षं लागली, त्यालाही तीन लागू शकतात.

राहिला तुमचा राग. जित्याची खोड जात नाही, हे मला अर्धं मान्य आहे. नदी कुठे जाते? पण आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा पातळी आहे, ४५ ला धोका पातळी, आणि पहिली गाठली की नदीकाठची माणसं सामान वर चढवायला लागतात. तुमचे ४० फूट कुठे आहेत ते तुम्हाला कळणार नाही, घरच्यांना कळतं. सौ.ना विचारा. माझ्या नवऱ्याचा आवाज चढायच्या आधी एकदम हळू व्हायचा आणि तो मला 'अहो' म्हणायला लागायचा. तेवढं ऐकलं की मी म्हणायचे, "दही संपलंय." तो मुकाट्यानं पिशवी घेऊन बाहेर पडायचा. आमच्याकडे त्या वर्षांत दही फार साठायचं.

आता सुधाकरचं काम. सोडू नका. ज्या गावात विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' केलं, जिथे पाच नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन म्हणून नारळ फोडतो, तिथला नट "भूमिका माझ्या आयुष्यात शिरली" म्हणून पळाला तर बरं दिसत नाही. पण तुमचे दिग्दर्शक म्हणतात त्यावर माझा विश्वास नाही. तुम्ही सुधाकर असाल तर तुम्ही सुधाकर वाईट कराल. ज्या नटाला शेवट माहीत असतो तो पहिल्या अंकातच मेलेला दिसतो. खांदे पडलेले, आवाजात आधीच पश्चात्ताप. मी असे तीन सुधाकर विंगेतून बघितलेत आणि तिन्ही प्रयोगांत मागच्या रांगा दुसऱ्या अंकाला चहाला गेल्या.

चौथा बघितला तो एका शाळेच्या हॉलमधल्या तालमीत. पेला अजून आला नव्हता म्हणून त्याच्या हातात स्टीलचं फुलपात्र होतं. तळीरामानं ते पुढे केलं. यानं घेतलं, ओठांपर्यंत नेलं आणि थांबला. मला वाटलं वाक्य विसरला. मी पुस्तकात बोट ठेवून तोंड उघडलं होतं. पण तो विसरला नव्हता, बघत होता. त्या फुलपात्रात, मग तळीरामाकडे, मग दाराकडे, जिथून रामलाल येऊ शकला असता. दोन-तीन सेकंद असतील. हॉलमध्ये पंख्याचा आवाज सोडून काही नव्हतं, आणि ज्यांना नाटक तोंडपाठ होतं त्या आम्हा सगळ्यांना क्षणभर वाटलं, आज हा ठेवतोय खाली.

ती जागा शोधा तालमीत. गडकऱ्यांनी पुढचं लिहून ठेवलंय, त्यामुळे सुधाकरला प्यावंच लागतं. तुमच्या भावाचं पुढचं वाक्य कुणी लिहिलेलं नाही.

चिठ्ठीचं काय झालं ते कळवा, पण सदरात छापायला म्हणून नको. आणि पेल्यात कोकम सरबत घालायचं ठरवलंय असं तुम्ही ताजा कलमात लिहिलंय, ते करू नका. दिव्याखाली रंग छान दिसतो हे खरं, पण शेवटच्या अंकात हात थरथरतो आणि पांढऱ्या धोतरावर पडलेला डाग पुढच्या प्रयोगापर्यंत जात नाही. कोरा चहा घ्या, थंड करून.